रात्री बायपॅप लावताना: घरच्यांसाठी कृती

सीओपीडीच्या रुग्णासाठी डॉक्टर रात्रीचं बायपॅप लिहून देतात, मशीन घरी येतं, कंपनीचा माणूस जोडून दाखवतो आणि निघून जातो. पुढचं सगळं घरच्यांनी निभवायचं असतं. कितीतरी मशीन पहिल्या महिन्यातच कपाटात जातात, कारण रुग्णाला गुदमरल्यासारखं होतं आणि घरच्यांना नेमकं काय करायचं ते कुणी सांगितलेलं नसतं. माझ्या आईची फुफ्फुसं चुलीच्या धुराने गेली. तिच्यासाठी बसवलेली रोजची पद्धत इथे लिहिली आहे.

आधी कारण समजून घ्या, म्हणजे पुढचे नियम जाचक वाटणार नाहीत. झोपेत, विशेषतः स्वप्नं पडतात त्या टप्प्यात, मानेचे आणि बरगड्यांमधले स्नायू सैल पडतात. निरोगी माणसाचं श्वासपटल एकटं काम भागवतं. सीओपीडीत फुफ्फुसं फुगलेलीच राहतात आणि श्वासपटल दबून सपाट झालेलं असतं. श्वास उथळ होतो आणि कार्बन डायऑक्साइड आत साठत जातो. सकाळी ठणकणारं डोकं, दिवसाची गुंगी, रात्रीची मोडकी झोप ही त्याची लक्षणं. बायपॅप श्वास घेताना जास्त दाबाने हवा आत लोटतं आणि सोडताना दाब कमी करतं, म्हणजे थकलेल्या स्नायूंचं काम वाटून घेतं.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर हा साठलेला वायू दाखवत नाही. ऑक्सिजन सुरू असताना आकडा ९६ दिसेल आणि रुग्ण आत गुंगीत बुडत असेल. खरी परिस्थिती धमनीतल्या रक्ताच्या एबीजी तपासणीतच कळते. म्हणून रात्री धाप वाढली तरी ऑक्सिजनचं बटण आपल्या मनाने फिरवू नका. अशा रुग्णांना बहुधा ८८ ते ९२ हीच पातळी ठरवून दिलेली असते. त्याहून जास्त ऑक्सिजन दिला तर कार्बन डायऑक्साइड आणखी चढू शकतो. मशीनचे दाबही डॉक्टरांनीच बदलायचे.

सुरुवात रात्री करू नका, दुपारी करा. रुग्णाला खुर्चीत आरामात बसवा, टीव्ही लावा, मशीन सुरू करा. पट्टे न बांधता मास्क आधी तळहातावर धरू द्या, मग गालावर, मग नाकातोंडावर. रुग्णाने तो स्वतःच्या हाताने धरलेला बरा. आईला मी एवढंच म्हणायचे, "नको वाटलं की लगेच काढ, मी इथेच बसलेय." आपण केव्हाही सुटू शकतो हे कळलं की भीती निम्मी होते. पट्ट्याचा चाप एका हाताने सोडवायचा सरावही याच वेळी करून घ्या. ज्या रुग्णाला मास्क स्वतः काढता येत नाही, त्याला तोंड झाकणारा मास्क लावून एकटं झोपवू नका. उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाईल. सुरुवातीला हळूहळू दाब चढवणारी रॅम्पची सोय मशीनमध्ये असते, ती लावायची का हे डॉक्टरांना विचारा.

संध्याकाळी जेवण हलकं आणि झोपेच्या दोन-तीन तास आधी. पोट भरलेलं असलं की श्वासपटलाला खाली सरकायला जागा उरत नाही. रात्रीचा इन्हेलर किंवा नेब्युलायझर आधी उरकून, चूळ भरून, कफ काढून टाका. मास्क लावल्यावर खोकल्याची उबळ आली की सगळी मेहनत वाया जाते. नाक चोंदलं असेल तर मिठाच्या पाण्याचे तयार थेंब घाला. डासांची कॉइल, धूप, उदबत्ती त्या खोलीत नको, मच्छरदाणी लावा. झोप येत नाही म्हणून जुन्या चिठ्ठीवरची झोपेची गोळी देऊ नका. तिने श्वास आणखी मंदावतो.

मशीन पलंगाच्या पातळीपेक्षा खाली, स्टुलावर ठेवा. जमिनीवर ठेवलं तर धूळ ओढतं, पडद्याला चिकटून ठेवलं तर हवेचं तोंड बंद होतं. ह्युमिडिफायर असेल तर त्यात डिस्टिल्ड वॉटर रेषेपर्यंत भरा. आरओचं पाणी म्हणजे डिस्टिल्ड वॉटर नव्हे. थंडीत किंवा एसीमध्ये नळीत वाफेचं पाणी साचतं, गुडगुड आवाज येतो आणि रुग्णाच्या नाकावर थेंब पडून तो दचकून उठतो. नळी गोधडीखालून घेतली आणि पंख्याचा झोत तिच्यावरून हटवला की हा त्रास बराचसा जातो.

आता मास्क, सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या. रुग्णाला पाठीमागे उशा लावून थोडं उंच झोपवा, मशीन सुरू करा आणि मगच पट्टे जुळवा. बसून बसवलेला मास्क आडवं झाल्यावर सरकतो, कारण गाल मागे ओघळतात. आधी खालचे दोन पट्टे सारखे ओढा, मग वरचे. पट्ट्याखाली एक-दोन बोटं सहज जायला हवीत. डोळ्यांकडे वारा येऊ लागला की आपला हात आपोआप पट्टा आवळायला जातो, तो आवरा. मास्क चेहऱ्यापासून किंचित उचला, त्याच्या गादीत हवा भरू द्या आणि पुन्हा टेकवा. त्याने गळती बहुतेक वेळा थांबते. आवळल्याने मात्र नाकाच्या हाडावर जखम होते, आणि एकदा तिथली त्वचा सोलली की पंधरा दिवस मास्क लागत नाही. सकाळी मास्क काढल्यावर अर्ध्या तासातही लाली जात नसेल तर मास्कचा आकार बदलण्याबद्दल बोला. चेहरा तेलकट असला किंवा दाढीची खुंटं वाढली तरी हवा गळते, तेव्हा झोपण्याआधी तोंड धुवा, दाढी करा.

मास्कवर किंवा नळीच्या जोडावर बारीक छिद्रं असतात. सोडलेला श्वास तिथूनच बाहेर जातो. ती कधीही बोटाने, पांघरुणाने किंवा चिकटपट्टीने बंद करू नका. दवाखान्यातून आणलेला मास्क वापरणार असाल तर छिद्रं आहेत ना हे आधी बघा. आयसीयूतले काही मास्क बिनछिद्रांचे असतात. ते घरच्या एका नळीच्या मशीनला लावले तर रुग्ण स्वतःचाच श्वास परत ओढत राहतो.

सोबत ऑक्सिजन असेल तर क्रम लक्षात ठेवा: रात्री आधी मशीन सुरू, मग ऑक्सिजन. सकाळी आधी ऑक्सिजन बंद, मग मशीन. मशीन बंद असताना ऑक्सिजन सोडला तर तो आत साचतो आणि आगीचा धोका होतो. समई, निरांजन, विडी त्या खोलीत चालणार नाही. ओठांना व्हॅसलीनऐवजी पाण्यात विरघळणारं जेल लावा.

लघवीला उठायचं असेल तर मास्क काढू नका. ऑक्सिजन बंद करून नळी जोडावरून सोडवा, आल्यावर पुन्हा जोडा. चालताना फार धाप लागत असेल तर भांडं खोलीतच ठेवा. पोट फुगत असेल किंवा तोंड कोरडं पडत असेल तर ते सोसत बसू नका, डॉक्टरांना सांगा. दोन्हींवर उपाय आहेत. लाइट गेली आणि मशीन थांबलं तर मास्क ताबडतोब काढा. इन्व्हर्टरवर मशीन किती वेळ चालतं ते एखाद्या दुपारी मेन स्विच बंद करून बघून ठेवा. ऑक्सिजनचा कॉन्सन्ट्रेटर बायपॅपपेक्षा बरीच जास्त वीज खातो, त्यामुळे भरलेला छोटा सिलिंडर घरात हवाच.

पहिल्या रात्री तासभर मास्क राहिला तरी पुष्कळ. रोज थोडं वाढवत सलग पाच-सहा तासांपर्यंत जा. मशीनमधलं कार्ड वापराचे तास आणि गळती नोंदवतं, तपासणीला ते घेऊन जा. ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गंभीर दुखण्यातून उठल्यावर दोन ते चार आठवड्यांनीही ज्यांचा कार्बन डायऑक्साइड ५३ मिमी एचजीच्या वर होता, असे रुग्ण घेतले होते. पुन्हा भरती किंवा मृत्यू होईपर्यंतचा मध्यक काळ फक्त ऑक्सिजनवर १.४ महिने होता, मशीनची जोड दिल्यावर तो ४.३ महिने झाला. मास्क नकोसा होतो त्या रात्रींसाठी हा आकडा मला धरून ठेवण्यासारखा वाटतो.

सकाळी मास्कची गादी सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवा आणि ह्युमिडिफायरमधलं उरलेलं पाणी फेकून द्या. नळी आठवड्यातून एकदा धुवा. जाळीचा फिल्टर धुता येतो, पांढरा कागदी फिल्टर मात्र बदलायचाच. स्पिरिट, डेटॉल वापरू नका.

रुग्ण असंबद्ध बोलू लागला, हाक मारून उठेना, ओठ निळसर झाले किंवा मशीन लावूनही ऑक्सिमीटरचा आकडा ८८ च्या वर येईना, तर वाट बघू नका, १०८ ला फोन करा. मशीन आणि मास्क सोबत न्या. गडबडीत सांगायचं राहून जाऊ नये म्हणून मशीनच्या पाठीवर ठळक अक्षरांत एक चिठ्ठी चिकटवा: सीओपीडी आहे, कार्बन डायऑक्साइड साठतो, ऑक्सिजन ८८ ते ९२ एवढाच ठेवावा. त्याखाली दाबाचे आकडे, औषधं आणि शेवटच्या एबीजीची तारीख लिहा.