टोब देशातील टोळी
(अभ्यासपाठ : शास्ते ११:१-११)

पाठ उघडण्यापूर्वी क्षणभर दिल्लीकडे पाहू या. मयूर विहार फेज १ ला लागूनच त्रिलोकपुरी ही वसाहत आहे. नोव्हेंबर १९८४ च्या आरंभी तेथील ३२ क्रमांकाच्या ब्लॉकमध्ये शेकडो शीख पुरुषांची कत्तल झाली. कित्येकांना तर बायकामुलांदेखत मारण्यात आले. पुढे अनेक विधवांना पश्चिम दिल्लीतील टिळक विहारात घरे मिळाली. आया पोटासाठी नोकरीस जाऊ लागल्या, मुले घरी एकटी राहिली. त्यांतील कित्येक व्यसनांच्या आहारी गेली, काहींची पावले गुन्ह्याकडे वळली. मदत वाटणारे आले. त्या मुलांच्या मनाची विचारपूस करणारे फारसे कोणी आले नाहीत.

आता इफ्ताहाकडे वळू. तो वेश्येच्या पोटी जन्मला. वडिलांच्या वतनात तुला वाटा नाही, असे सांगून सावत्र भावांनी त्याला हाकलून दिले. तो टोब देशात पळाला व तेथे रिकामटेकडे लोक त्याच्याभोवती जमले. शास्त्रलेखक टोळीच्या आधी हाकलणे सांगतो, हा क्रम ध्यानात घ्यावा. वर्षांनंतर गिलादाचे वडीलजन त्याच्याकडे मदत मागावयास आले, तेव्हाही त्याच्या तोंडून पहिला प्रश्न त्या जुन्या जखमेचाच निघाला (वचन ७).

अमेरिकन संशोधिका कॅथी विडम यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, बालपणी छळ वा उपेक्षा सोसलेल्यांपैकी सुमारे २६ टक्क्यांना अल्पवयातच अटक झाली होती. तशाच परिस्थितीतील इतर मुलांत हे प्रमाण सुमारे १७ टक्के होते. फरक मोठा आहे. तथापि जवळजवळ तीन-चतुर्थांश मुलांना अशी अटक झाली नाही, हेही त्याच आकड्यांत आहे. तेव्हा पोळलेल्या मुलाकडे भावी गुन्हेगार म्हणून पाहणे हा त्याच्यावर दुसरा अन्याय होय.

मनोविकार व नशा यांना एकाच दावणीला बांधण्याची चूक आपण सर्रास करतो. बहुतेक मनोरुग्ण कोणासही इजा करीत नाहीत. उलट तेच अधिक वेळा अत्याचाराला बळी पडतात. नशेची जोड मिळाली म्हणजे मात्र धोका वाढतो. आपल्या कृत्याचे स्वरूप वेडाच्या भरात ज्याला कळत नाही, त्याला भारतीय न्याय संहितेचे कलम २२ गुन्हेगार मानीत नाही. स्वेच्छेने केलेल्या नशेला ती सवलत नाही. हे योग्यच आहे. न्यायालय कृत्याचा न्याय करते. पहिला पेला कोणत्या वयात, कोणाच्या घरी ओठांना लागला, हे मंडळीने विचारावयाचे.

इफ्ताह सरदार झाला, जिंकलाही. पण त्याच्या नवसाची किंमत त्याच्या एकुलत्या एक मुलीने मोजली. वचने ३४ ते ४० पुढील सभेसाठी वाचून यावीत. आणि मयूर विहार परिसरातील वाचकांपैकी कोणाच्या घरी असा मुलगा असेल, तर दिलशाद गार्डन येथील 'इहबास' या संस्थेत मनोविकार व व्यसन या दोहोंवर उपचार होतात. त्याला एकट्याला न धाडता त्याच्यासोबत जावे.