चाकाची निवड : बॅकस्पेसिंगचा विचार

दगडधोंड्यांच्या व चिखलाच्या वाटांवर हिंडणाऱ्या वाहनाचा मालक मूळ चाके काढून बाजारातील दुसरी चाके बसवू लागला, म्हणजे प्रथम व्यास आणि रुंदी पाहतो. चाक कसे दिसते याकडेही त्याचे लक्ष असते. परंतु ते वाहनाला मानवेल की नाही, हे ज्या मापावर पुष्कळ अंशी अवलंबून असते, ते माप मात्र बाहेरून दिसत नाही. त्यास बॅकस्पेसिंग म्हणतात.

हे माप घेणे सोपे आहे. टायर न चढवलेले चाक पालथे ठेवावे. त्याच्या मागील कडांवर एक सरळ पट्टी आडवी टेकवावी. चाकाचा जो सपाट भाग हबला टेकतो, तेथपर्यंत पट्टीपासून खाली अंतर मोजावे. हेच बॅकस्पेसिंग. ते जितके अधिक, तितके चाक वाहनाच्या आत शिरते. जितके कमी, तितके ते बाहेर येते.

याच्याशी निगडित असे दुसरे माप म्हणजे ऑफसेट. चाकाच्या रुंदीची मध्यरेषा आणि हबला टेकणारा भाग यांमधील अंतर म्हणजे ऑफसेट. टेकणारा भाग मध्यरेषेच्या बाहेरच्या बाजूस असेल तर ऑफसेट धन, आतल्या बाजूस असेल तर ऋण. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. रिमची सांगितली जाणारी रुंदी ही टायर जेथे बसतो त्या दोन जागांमधील असते. दोन्ही कडांची जाडी धरता एकूण रुंदी सुमारे १ इंचाने वाढते. हा इंच विसरल्यास सारा हिशेब चुकतो.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. भारतात २०२३ साली विक्रीस आलेल्या जिम्नी या वाहनाचे मूळ रिम १५ इंच व्यासाचे व ५.५ इंच रुंदीचे असून ऑफसेट धन ५ मिलिमीटर आहे. एकूण रुंदी ६.५ इंच, म्हणजे १६५ मिलिमीटर. तिच्या निम्म्यात ५ मिळविले की बॅकस्पेसिंग सुमारे ८८ मिलिमीटर येते. या रिमवर १९५ मिलिमीटर रुंदीचा टायर असतो. समजा, मालकास २१५ मिलिमीटर रुंदीचा टायर हवा आहे. टायर २० मिलिमीटरने रुंदावला, तर तो प्रत्येक बाजूस १० मिलिमीटर वाढेल.

यासाठी ७ इंची रिम घेऊन बॅकस्पेसिंग तेवढेच, म्हणजे ८८ मिलिमीटर ठेवले, तर काय होईल? रिमची आतील कड जागच्या जागी राहील. परंतु बाहेरील कड ३८ मिलिमीटर पुढे येईल आणि चाकाची मध्यरेषा १९ मिलिमीटर बाहेर सरकेल. याउलट ६ इंची, शून्य ऑफसेटचे रिम घेतले, तर बॅकस्पेसिंग ८९ मिलिमीटर होते आणि मध्यरेषा केवळ ५ मिलिमीटर सरकते. टायरची भिंत आतल्या बाजूस ५ आणि बाहेरच्या बाजूस १५ मिलिमीटर पुढे येते. दोन्ही रिमांचे बॅकस्पेसिंग जवळजवळ सारखेच; परिणाम मात्र फार वेगळे. म्हणून रुंदी सांगितल्यावाचून नुसते बॅकस्पेसिंग सांगणे अपुरे होय.

मध्यरेषा बाहेर गेल्याने बिघडते काय, असे वाचक विचारील. जात्याचा खुंटा मध्यापासून जितका दूर, तितके जाते हलक्या हाताने फिरते. पुढील चाक ज्या अक्षाभोवती वळते, त्यापासून टायर जितका दूर जाईल, तितकाच दगडाचा धक्का स्टिअरिंग अधिक सहजपणे फिरवील. जिम्नीप्रमाणे पुढे अखंड धुरा असलेल्या वाहनात सांधे झिजलेले असले, तर स्टिअरिंगचा कंपही यामुळे वाढू शकतो. शिवाय वाहनाचा भार हबच्या बेअरिंगवर अधिक तरफेने पडतो व ती लवकर झिजते. हब आणि चाक यांच्यामध्ये स्पेसर बसविल्यानेही हेच घडते. मडगार्डच्या बाहेर आलेला टायर चिखल व खडे दूरवर उडवितो, ते वेगळेच.

म्हणून बॅकस्पेसिंग वाजवीपेक्षा अधिक ठेवावे काय? तेही नव्हे. तसे केल्यास वळण घेताना टायर सस्पेन्शनच्या दांड्यांना घासतो. टायरची भिंत कापली जाऊन तो उतारावर फुटला, तर होणारी हानी केवळ पैशांची राहणार नाही.

तेव्हा निवडीचा क्रम असा असावा. प्रथम मूळ चाकाचा टायर आणि आतील सर्वांत जवळचा भाग यांमधील मोकळी जागा मोजावी. स्टिअरिंग दोन्ही बाजूंस पूर्ण वळवून आणि एक चाक उंचावर चढवूनही ती मोजावी, कारण सपाट जमिनीवर उभे असलेले वाहन खरी अडचण दाखवीत नाही. नंतर टायरची होणारी वाढ तीतून वजा करावी. जेवढी जागा कमी पडेल, तेवढेच चाक बाहेर न्यावे, अधिक नको. बोल्टांची संख्या व वर्तुळ, हबचे मध्यछिद्र आणि ब्रेकसाठी लागणारी जागा ही मापे स्वतंत्रपणे जुळली पाहिजेत. बॅकस्पेसिंग योग्य आहे एवढ्याने ती जुळत नाहीत.

कायद्याचे बंधनही लक्षात घ्यावे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ अन्वये, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाहून वेगळा होईल असा फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या निकालात ही गोष्ट अधोरेखित केली आहे. चाके खरेदी करण्यापूर्वीच परिवहन कार्यालयात चौकशी करणे शहाणपणाचे ठरते.

सारांश, चाकाची निवड आतून बाहेर करावयाची असते. जो बाहेरून पाहून चाक निवडतो, त्याला आतील अडचण कळते ती बहुधा वाटेत, आणि तीही अशा ठिकाणी की जेथे मदतीला कोणी जवळ नसते.