सिगारेट सोडण्याची शपथ, आणि तिच्या जोडीला औषध



या वेळचा अभ्यासविषय एका भगिनीच्या मेसेजवरून घेतला आहे. त्यांनी विचारलं, "मिस्टरांनी गुरुपौर्णिमेला तीनदा शपथ घेतली. दरवेळी पंधरा दिवसांत मोडली. आता लाजेने सत्संगालाच येत नाहीत. श्रद्धा कमी पडते का?"

मी बरंच वाचलं, आमच्या फॅमिली डॉक्टरांशीही सविस्तर बोलले. उत्तर असं की श्रद्धा कमी पडत नाही, उपचार कमी पडतो. बी.पी.ची गोळी घेणाऱ्याला आपण "तुझी श्रद्धा कमी आहे" म्हणत नाही. सिगारेटच्या बाबतीत मात्र हटकून म्हणतो.

शपथ मोडते का, ते आधी समजून घेऊ. झुरका घेतल्यावर निकोटिन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोचतं आणि बरं वाटतं. तासा-दोन तासांत ते उतरू लागलं की चिडचिड, अस्वस्थपणा सुरू होतो, मग पुढची सिगारेट. वर्षानुवर्षं हे चाललं की मेंदूला तीच सवय लागते. सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सर्वात कठीण, आणि त्रास साधारण दोन ते चार आठवडे राहतो. म्हणजे पंधराव्या दिवशी शपथ मोडली तेव्हा तो माणूस निम्मी वाट चालून आला होता! जागतिक आरोग्य संघटना सांगते की कुठल्याही मदतीशिवाय सोडू पाहणाऱ्या शंभर प्रयत्नांत जेमतेम चार यशस्वी होतात. मग बाकीच्या शहाण्णव जणांना आपण कमकुवत मनाचे म्हणायचं का?

आता मदत कुठे मिळते ते बघू.

*क्विटलाइन : १८००-११-२३५६.* हा नंबर शोधायला लांब जायला नको, सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला असतो. २०१८ पासून तसा नियमच आहे. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये ही सरकारी सेवा २०१६ साली सुरू झाली. पुढे मुंबईचं टाटा मेमोरियल आणि बंगळूरचं निम्हान्स इथेही केंद्रं झाली, त्यामुळे हिंदी-इंग्रजीतच बोललं पाहिजे असं नाही. फोनला पैसे पडत नाहीत. सकाळी ८ ते रात्री ८, सोमवारी बंद. बेळगाव असो, म्हापसा, इंदूर किंवा हैदराबाद, नंबर एकच. पलीकडचे समुपदेशक कधीपासून ओढता, दिवसाला किती, उठल्यावर पहिली कधी, असं विचारतात आणि सोडायची तारीख ठरवायला लावतात. पुढे तेच फोन करून चौकशी करत राहतात. हा पाठपुरावाच मोलाचा. फोन मात्र ओढणाऱ्याने स्वतः करायचा असतो. आपण बायकांनी त्यांच्या वतीने करून उपयोग नाही. फार तर नंबर लावून हातात द्यावा.

समोर बसून बोलायचं असेल तर राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांत तंबाखूमुक्ती केंद्रं चालतात. केसपेपर काढताना तिथेच विचारावं. बऱ्याच डेंटल कॉलेजांतही अशी सोय असते, आणि तिथे गर्दी कमी असते.

*औषधं.* याबद्दल आपल्या लोकांत सर्वात जास्त गैरसमज. "निकोटिन सोडवायला निकोटिनच? मग काय उपयोग?" असं मलाही एका काकांनी विचारलं. पण कॅन्सर आणि हृदयविकार होतो तो मुख्यतः धुरातल्या डांबराने, कार्बन मोनॉक्साइडने आणि इतर विषारी द्रव्यांनी. निकोटिन माणसाला बांधून ठेवतं. गम किंवा पट्टीतून ते थोडं थोडं, धुराशिवाय मिळतं, तलफ सुसह्य होते आणि पुढे मात्रा कमी करत थांबवता येते. आपल्या देशाच्या आवश्यक औषधांच्या यादीतही २०२२ पासून याचा समावेश आहे.

गम दोन आणि चार मिलिग्रॅमचं येतं. कुणाला कुठलं, हे दिवसाकाठी किती ओढता आणि उठल्यावर किती लवकर पेटवता यावर ठरतं. पण हे गम *चुइंगमसारखं चघळायचं नाही*, आणि इथेच बहुतेक जण फसतात. सावकाश चावायचं, तिखटसर झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचं. चव गेली की परत थोडं चावायचं. असं अर्धा तास. भराभर चावलं तर निकोटिन पोटात जातं, उचक्या लागतात, मळमळतं आणि माणूस "मला हे सोसत नाही" म्हणून फेकून देतो. आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा, कॉफी, सरबत नको, नाहीतर ते तोंडात शोषलं जात नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत तासा-दोन तासांनी एक, मग अंतर वाढवत साधारण तीन महिन्यांत बंद. कवळी असणाऱ्यांनी डॉक्टरांना चघळायच्या गोळीबद्दल विचारावं. पट्टी दंडावर लावायची, रोज जागा बदलून. पट्टी आणि गम दोन्ही मिळून दिलं तर एकट्या औषधापेक्षा गुण जास्त येतो, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं.

गोळ्याही आहेत, व्हॅरेनिक्लिन आणि बुप्रोपिऑन. दोन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच. व्हॅरेनिक्लिन सोडायच्या तारखेच्या साधारण आठवडाभर आधी सुरू करतात आणि बारा आठवडे देतात. मळमळ आणि विचित्र स्वप्नं हा तिचा त्रास. जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर घेतली की मळमळ कमी होते. फिट येणाऱ्यांना बुप्रोपिऑन चालत नाही. नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलेला, किडनीचा त्रास, मनाच्या आजाराची औषधं चालू, असं काही असेल तर ते आधीच सांगावं. सिगारेट थांबली की काही औषधांचा डोस बदलावा लागतो, म्हणून चालू औषधांची पिशवी बरोबर न्या.

तारखेबद्दल माझं एक मत. आपल्यातले बरेच जण गुरुवार धरतात. जरूर धरा. आदल्या गुरुवारी गोळी सुरू, या गुरुवारी सिगारेट बंद, हिशेब सोपा पडतो. पण त्या दिवशी कडक उपास नको. भूक, डोकेदुखी आणि तलफ तिन्ही एकदम आली तर माणूस दुपारीच पानपट्टीवर सापडेल. त्या दिवशी वेळेवर जेवू घाला, उपास पुढच्या गुरुवारी करता येईल.

तलफेची एक लाट काही मिनिटांचीच असते. एक माळ जप होईपर्यंत ती बहुधा ओसरते. जप इथे खरोखर उपयोगी पडतो. पाणी प्या, अंगणात चक्कर मारा, लवंग किंवा बडीशेप तोंडात टाका. सुपारी नको, ती स्वतःच कॅन्सरचं कारण आहे. आणि "सिगारेट सोडली, आता नुसता तंबाखू मळतो" हे सोडणं नव्हे. आपल्याकडच्या कितीतरी बायकांची मिश्रीही त्यातच आली. इथे मी बोलले तर ग्रुपवर दोन-चार जणी रागावतील, पण मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. क्विटलाइन त्यांच्यासाठीही आहे.

विडीवाल्यांनी "आमची पानाची, नैसर्गिक" म्हणून सुटका मानू नये. विडी विझू नये म्हणून जोराने ओढावी लागते, धूर खोल जातो, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा कमी नाही. निपाणीच्या आमच्या माहेरच्या लोकांना हे ऐकायला जड जातं, तंबाखू आणि विड्यांवर तिथली घरं चालली. ते दुःख वेगळं आहे, त्यावर कधी निराळं लिहीन. ई-सिगारेटवर तर २०१९ पासून देशात बंदीच आहे. मुलं "ही चालते" म्हणाली तर ऐकू नका.

*स्वयंपाकघराकडून.* सोडल्यावर बद्धकोष्ठ होतं, कारण पुष्कळांची सकाळ सिगारेटवरच मोकळी होत असे. रात्री इसबगोल, भरपूर पाणी, पालेभाजी. सिगारेट थांबली की चहा-कॉफीतलं कॅफिन अंगात जास्त वेळ राहतं, म्हणून नेहमीइतकाच चहा घेऊनही छातीत धडधड आणि झोप उडणं होतं. चहा निम्म्यावर आणा. वजन चार-पाच किलो वाढू शकतं, ते आधी सांगून ठेवा, नाहीतर तेच निमित्त होतं. खोकला काही दिवस वाढल्यासारखा वाटतो, घाबरू नये. दोन-तीन आठवडे माणूस चिडका होतो, मुलांना तसं समजावून सांगा. आणि कृपा करून खिसे तपासणं, तोंडाचा वास घेणं, पाहुण्यांसमोर टोमणे हे बंद करा. त्याने माणूस लपवायला शिकतो, सोडायला नाही.

वय झालं, आता काय उपयोग, असं म्हणणाऱ्यांसाठी एक आकडा. ब्रिटनमध्ये १९५१ पासून पन्नास वर्षं डॉक्टरांचाच अभ्यास झाला. साठाव्या वर्षी सोडणाऱ्यांनाही सरासरी तीन वर्षं जास्त मिळाली, पन्नाशीत सोडणाऱ्यांना सहा, चाळिशीत नऊ.

आता त्या भगिनीला थेट उत्तर. ताई, मिस्टरांना म्हणावं, शपथ मोडली म्हणून दार बंद झालेलं नाही. चौथ्या वेळी शपथेबरोबर क्विटलाइनचा फोन आणि डॉक्टरांची चिठ्ठी असू दे. एखादी सिगारेट मध्येच ओढली गेली तर लगेच "सगळं संपलं" धरू नये. औषध चालू ठेवायचं, आणि ती कुठे, कोणाबरोबर ओढली ते क्विटलाइनवर सांगायचं. आणि त्यांनी सत्संगाला यावं. आमच्याकडे मागच्या सतरंजीवर दोघे गृहस्थ सध्या गाल फुगवून बसलेले असतात. प्रसादाचा चहा आला की पेला बाजूला ठेवतात, अर्ध्या तासाने गार झालेला पितात. आता कोणी कारण विचारत नाही.