छोटा लॅपटॉप : खांद्यावरची पेढी



सौदा केवळ दुकानाच्या गादीवर होत नाही. समजा, मालेगावचा एक यंत्रमागधारक कापडाचे नमुने घेऊन अहमदाबादच्या बाजारात गेला आहे. समोरचा व्यापारी पाच हजार मीटर माल उधारीवर मागतो आहे. त्याच्याकडे मागची बाकी किती आहे? गोदामात माल किती शिल्लक आहे? या खेपेला सूत कोणत्या भावाने पडले? तिन्ही प्रश्नांची उत्तरे खतावणीत आहेत, आणि खतावणी घरी आहे. अशा वेळी माणूस अंदाजाने भाव सांगतो, अंदाजाने उधारी देतो आणि वर्षअखेरीस नुकसान कोठे झाले ते शोधत बसतो.

बरोबर नेता येईल अशी पेढी म्हणजे छोटा, हलका लॅपटॉप होय. मोबाईलवर बाकी पाहता येते, हे खरे. परंतु पन्नास कलमांचे बिल तयार करणे किंवा दोन तक्ते शेजारी ठेवून ताळा घेणे, यासाठी मोठा पडदा आणि बोटांना सोयीच्या कळा लागतात.

फार लहानही नको

लहान संगणकाचा प्रयत्न जुना आहे. तोशिबा कंपनीने १९९६ साली जपानमध्ये ‘लिब्रेटो’ नावाचा एक किलोपेक्षाही हलका संगणक आणला. २००७ साली आसुस कंपनीचा ‘ई पीसी’ आला. त्याचा पडदा ७ इंचांचा, साठवण ४ जीबी आणि वजन सुमारे ९०० ग्रॅम होते. अशा स्वस्त यंत्रांना ‘नेटबुक’ म्हणत. ती काही वर्षे खूप खपली; मात्र २०१३ पर्यंत बहुतेक कंपन्यांनी ती बनवणे बंद केले. पडदा इतका लहान की हिशेबाचा तक्ता त्यात मावत नसे, कळा दाटीच्या आणि काम संथ.

यावरून घ्यायचा धडा असा की, वजन कमी असणे हा एक गुण झाला, पण तो एकटा पुरेसा नाही. रोज फिरणाऱ्या माणसासाठी १३ ते १४ इंचांचा पडदा आणि सव्वा ते दीड किलोच्या आतील वजन हा चांगला मध्य आहे. वजन पाहताना चार्जरही तराजूत धरावा, कारण तोही रोज खांद्यावरच असतो.

खरेदीपूर्वी पाहण्याच्या गोष्टी

१) आपले काम त्यावर चालते काय? टॅलीसारखे हिशेबाचे सॉफ्टवेअर विंडोजसाठी बनलेले आहे. स्वस्त दिसला म्हणून क्रोमबुक घेतला, तर ते त्यावर थेट बसवता येत नाही.

२) मेमरी किती? अनेक पातळ लॅपटॉपमध्ये मेमरी आतल्या पाटीवर कायमची जोडलेली असते, नंतर वाढवता येत नाही. म्हणून घेतानाच किमान ८ जीबी, आणि पाच-सहा वर्षे वापरायचा असल्यास १६ जीबी घ्यावी.

३) जोडण्या कोणत्या? डिजिटल सहीचे टोकन, बारकोड वाचणारे यंत्र आणि बिलाचा प्रिंटर यांना बहुधा जुन्या रुंद यूएसबीची जागा लागते. काही पातळ यंत्रांत फक्त टाइप-सी असते. अशा वेळी एक जोडणी पिशवीत कायम ठेवावी.

४) बॅटरी किती वेळ टिकेल? तिची क्षमता वॉट-तासांत लिहिलेली असते. ५० वॉट-तासांची बॅटरी आणि यंत्राचा खर्च ८ वॉट असेल, तर सुमारे सहा तास काम होते. पडदा प्रखर ठेवला की खर्च वाढतो.

५) जुना घेत असाल तर विशेष सावध राहा. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, आणि इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीचे जवळजवळ सर्व प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. विंडोजमधून बॅटरीचा अहवाल काढता येतो. त्यात मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी दिसतात. तो पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

६) बिल पक्के घ्यावे. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी असतो. तुमची नोंदणी नियमित स्वरूपाची असेल आणि यंत्र धंद्यासाठी असेल, तर बिलावर आपला जीएसटी क्रमांक घालून घेतल्यास त्या कराची वजावट मिळू शकते. कंपोझिशन योजनेत ही वजावट मिळत नाही.

जागेवरच नोंद

यंत्र घेतले, पण सौदा चिठ्ठीवर लिहिला आणि नोंद घरी गेल्यावर केली, तर पैसे वाया गेले असे समजावे. चिठ्ठी हरवते, आकडा विसरतो, आणि पुढे त्यावरूनच दोन भल्या माणसांत वाद होतो. सौदा ठरताच माल, भाव, मुदत आणि बाकी लिहून पडदा समोरच्या व्यक्तीला दाखवावा. तो ‘होय’ म्हणाला की बिल तेथूनच पाठवावे. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात ५० हजार रुपयांपेक्षा अधिक किमतीचा माल पाठवताना ई-वे बिल लागते. ही पद्धत १ एप्रिल २०१८ पासून आहे. ते बिलही बाजारात बसून काढता येते. कारागीर बांधवांनी आपल्या कामाचे फोटो माप, वेळ आणि मजुरीसह त्यात ठेवावेत. प्रदर्शनात गिऱ्हाइकाने विचारताच नेमका भाव सांगता येतो.

सर्वांत महत्त्वाचे : दुसरी प्रत

जी पेढी खांद्यावर येते, ती रेल्वेत विसरूही शकते. जाड खतावणी कोणी चोरत नाही, लॅपटॉप मात्र चोरतात. त्यासोबत वर्षांची उधारी गेली, तर कोणाकडे किती येणे आहे हे कसे सिद्ध करणार? म्हणून हिशेबाच्या तीन प्रती असाव्यात : एक यंत्रात, एक घरच्या तिजोरीतील डिस्कवर, आणि एक इंटरनेटवरील साठवणीत. लॅपटॉपच्याच पिशवीत ठेवलेला पेन ड्राइव्ह ही दुसरी प्रत नव्हे; पिशवी गेली की दोन्ही जातात.

यंत्राला पासवर्ड लावावा आणि माहिती कुलूपबंद करण्याची सोय चालू ठेवावी. त्या कुलपाची लांबलचक किल्ली कागदावर लिहून घरी ठेवावी. ती हरवली तर मालकालाही स्वतःचा हिशेब उघडता येत नाही. विमानाने जाताना लॅपटॉप आणि पॉवर बँक हातातील सामानातच ठेवावी. पॉवर बँक मोठ्या सामानात टाकण्यास मनाई आहे.

ज्याप्रमाणे दुकान बंद करताना आपण कुलूप ओढून पाहतो, त्याप्रमाणे रोज संध्याकाळी प्रत काढल्याशिवाय लॅपटॉप मिटू नये. दहा मिनिटांचे हे काम आहे. यंत्र हरवले तर नवे घेता येते, पण हरवलेली खतावणी बाजारात विकत मिळत नाही.