स्वतःला बुडवू नये



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय ६ (आत्मसंयमयोग), श्लोक ५ आणि ६.

सहाव्या अध्यायात ४७ श्लोक आहेत. आसन कसं घालावं, आहार-झोप किती असावी, मन कसं आवरावं, हे सगळं त्यात येतं. पण त्याही आधी, अगदी सुरुवातीला भगवंत एक साधी गोष्ट सांगतात. माणसाने स्वतःच स्वतःला वर काढावं, खाली ढकलू नये. कारण आपणच आपले मित्र आणि आपणच आपले शत्रू.

हा श्लोक मला कॉलेजपासून पाठ आहे. त्याचा अर्थ मात्र मागच्या महिन्यात कळला, तोही ऑफिसमधल्या एका चुकीमुळे.

झालं असं. ग्राहकांना बिलाची आठवण करून देणारा एक जॉब मी लिहिला होता. मेसेज गेला नाही तर पुन्हा पाठवायचा, म्हणून त्यात रिट्राय टाकला. पण आधीचा मेसेज खरंच गेला आहे का, ही नोंद तपासायची राहून गेली. रिलीज झालं आणि कितीतरी लोकांना एकच मेसेज तीन-तीन वेळा गेला. तक्रारी आल्या. मॅनेजर एवढंच म्हणाले, "आधी रोलबॅक कर, मग बोलू." तासाभरात सगळं पूर्वपदावर आलं. दुसऱ्या दिवशी मीटिंग झाली, टेस्ट वाढवल्या, विषय संपला.

ऑफिसमध्ये संपला. माझ्या डोक्यात नाही.

"दहा वर्षं काम करतोयस आणि ही चूक?" "बाकीच्यांना आता कळलं असेल, तुला काही येत नाही." आंघोळ करताना, ट्रॅफिकमध्ये, रात्री दोन वाजता, तीच वाक्यं. स्टँडअपमध्ये मी बोलेनासा झालो. पुढचं रिलीज घ्यायची वेळ आली तेव्हा काहीतरी कारण सांगून टाळलं. आणि मनात म्हणायचो, मी स्वतःशी कडक आहे, हे चांगलंच आहे. त्यानेच तर सुधारणा होते.

मग एका संध्याकाळी माझी सहा वर्षांची लेक गणितं करत होती. एक वजाबाकी चुकली. तिने खोडलं, पुन्हा चुकली, पुन्हा खोडलं. शेवटी कागद फाटला. ती वही ढकलून म्हणाली, "मी ढच आहे. मला काहीच येत नाही."

बायकोने माझ्याकडे बघितलं. काही बोलली नाही, पण मला कळलं. हे वाक्य लेकीने शाळेतून आणलेलं नव्हतं. लॅपटॉपसमोर बसून मी पुटपुटायचो, तेच होतं.

त्या रात्री सहावा अध्याय पुन्हा उघडला. पाचव्या श्लोकात 'अवसादयेत्' असा शब्द आहे. त्याच्या मुळाशी खाली बसणं, खचणं हा अर्थ आहे. म्हणजे स्वतःला खचवू नकोस, असं भगवंत स्पष्ट सांगतात. आणि मी तर त्यालाच साधना समजून बसलो होतो!

आता कुणी म्हणेल, मग चुकीकडे दुर्लक्ष करायचं का? नाही. श्लोकात मित्र म्हटलंय, भाट नाही. चांगला मित्र चूक झाकत नाही. तो म्हणतो, "हे तुझं चुकलंय. चल, बसून नीट करू." शत्रू म्हणतो, "तूच चुकीचा आहेस." पहिल्या वाक्यानंतर काहीतरी काम करता येतं. दुसऱ्यानंतर काय करणार?

आमच्या क्षेत्रात याची एक रीत आहे, 'ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम'. बिघाड झाला की काय घडलं, केव्हा घडलं, कशामुळे घडलं आणि पुढे काय बदलायचं ते लिहायचं. कुणावर ठपका ठेवायचा नाही. गूगलच्या इंजिनिअरांनी २०१६ साली सिस्टिम सांभाळण्यावर जे पुस्तक काढलं, त्यात यावर वेगळं प्रकरण आहे. कारण व्यवहाराचं आहे. ठपक्याची भीती असली की लोक माहिती लपवतात, आणि खरं कारण सापडत नाही. माझंही तेच झालं होतं. स्वतःला शिव्या देण्यात आठ दिवस गेले, पण मी ती तपासणी का विसरलो, याचा विचार पाच मिनिटंही केला नव्हता. केला तेव्हा उत्तर साधं निघालं. दोन कामं एकाच वेळी चालू होती आणि रिव्ह्यू मागायला मला संकोच वाटला होता.

आणखी एक गंमत लक्षात आली. माझं मनही त्या जॉबसारखंच चाललं होतं. एकच मेसेज पुन्हा पुन्हा पाठवत होतं, कारण "हा पोचला आहे" अशी नोंद कुठेच नव्हती. म्हणून आता मी एक वही ठेवली आहे. तोच विचार आला की तीन ओळी लिहितो:

१. काय घडलं? (फक्त घटना. "मी बेजबाबदार" ही घटना नाही, तो निकाल आहे.)
२. त्यातलं माझ्या हातात काय होतं?
३. उद्या कोणती एक गोष्ट वेगळी करणार?

तोच विचार परत आला की वहीतली तारीख बघतो आणि म्हणतो, "पोचलं बाबा, नोंद आहे."

एका दिवसात फरक पडतो का? नाही पडत. अर्जुनालाही हीच शंका होती. मन आवरणं वाऱ्याला आवरण्याइतकं कठीण आहे, असं तो याच अध्यायात म्हणतो. भगवंत त्याला रागावत नाहीत. आधी मान्य करतात की हे कठीण आहे, आणि मग अभ्यास आणि वैराग्य हे दोन उपाय सांगतात. अभ्यास म्हणजे मन जिथे जिथे पळेल तिथून परत आणणं, दहादा पळालं तर दहादा. पुढे अर्जुन विचारतो, अर्ध्या वाटेत घसरलेल्याचं काय, तो फाटलेल्या ढगासारखा विरून जातो का? तेव्हा ४०व्या श्लोकात भगवंत त्याला 'तात' म्हणतात, लेकराला म्हणावं तसं, आणि सांगतात की चांगलं करू पाहणाऱ्याची दुर्गती होत नाही. घसरलेल्याशी साक्षात भगवंत असं बोलतात, तर आपण स्वतःशी कसं बोलावं?

एक मात्र मनापासून सांगतो. झोप उडाली असेल, जगण्यात रस वाटेनासा झाला असेल, तर वही आणि वाचन यावर थांबू नका. डॉक्टरांशी बोला. सरकारची 'टेली मानस' सेवा १४४१६ या नंबरवर आहे. मदत मागणं हाही स्वतःला वर काढण्याचाच भाग आहे.

लेकीला मी दुसऱ्या दिवशी सांगितलं की बाबाचंही ऑफिसात चुकलं होतं. तिने विचारलं, "मग तू खोडलंस का?" म्हटलं, "हो, आणि पुन्हा लिहिलं." मग आम्ही दोघांनी ती वजाबाकी नव्या पानावर मांडली. हातचा घ्यायचा राहिला होता, एवढंच.

येत्या शुक्रवारचं रिलीज मी घेतलं आहे. भीती आहे. रिव्ह्यू मात्र यावेळी दोघांकडून मागितलाय.

आजची प्रार्थना: पांडुरंगा, माझी चूक मला दाखव, आणि ती बघताना माझ्याच बाजूने उभं राहायचं बळ दे.

राम कृष्ण हरी.