गोंदणें : शिक्षा आणि शृंगार

आजीच्या कपाळावरचें हिरवें गोंदण तुम्हीं पाहिलें असेल. सुईनें टोचलेला रंग कातडीच्या आंतल्या थरांत बसतो. वरचा थर झडून नवा येतो. आंतला रंग मात्र राहतो.

जपानांत ह्याच गुणाचा उपयोग शिक्षेसाठीं झाला. १७२० पासून चोरांच्या हातावर, कांहीं मुलुखांत तर कपाळावरच, खूण गोंदीत. अशा मनुष्यास सुटल्यावर काम कोण देणार? कित्येकजण त्या खुणेवर मोठें चित्र गोंदवून ती झांकीत. उलट, एदो शहरांतील आग विझविणारे लोक हौसेनें पाठभर ड्रॅगन गोंदवीत, कारण तो पाण्याचा स्वामी मानलेला!

परकीय आपणांस रानटी म्हणतील, ह्या भयानें सरकारनें १८७२ मध्यें गोंदण्यावर बंदी घातली. आणि गंमत अशी, कीं १८८१ मध्यें इंग्लंडचा राजपुत्र जॉर्ज, जो पुढें पांचवा जॉर्ज झाला, तेथें उतरला व हातावर ड्रॅगन गोंदवूनच परतला. त्याच्या वडिलांनींहि १८६२ मध्यें यरुशलेमांत क्रूस गोंदविला होता. जपानी लोकांवरील बंदी १९४८ साली उठली. तरी तेथील कित्येक सार्वजनिक स्नानगृहांत गोंदलेल्या मनुष्यास आजहि प्रवेश मिळत नाहीं.