अर्धं बी राखून ठेव

अगं, परवा फोनवर तू विचारलंस, "ताई, मृगाला परसात काय काय लावू?" तेवढ्यात आत्याबाईंनी हाक मारली आणि तू फोन ठेवलास. उत्तर राहूनच गेलं, म्हणून आज निवांत लिहितेय.

आपल्या आईनं एका दमात सांगितलं असतं. सात जूनला मृग निघाला की दोडका, घोसाळं, कारलं, भोपळा. हस्त पडून गेला की मेथी, कोथिंबीर, हरभऱ्याची भाजी. तिची परसबाग नक्षत्रांवर चालायची आणि सहसा चुकायची नाही. नक्षत्रं आजही ठरल्या दिवशी लागतात, पावसाचं मात्र काही खरं राहिलेलं नाही.

२०२५ चा मे आठवतो ना? २५ तारखेला, रोहिणी लागली त्याच रविवारी, दौंड-बारामती-इंदापूरकडं पाऊस असा कोसळला की बारामतीकडं नीरा डावा कालवा फुटला. आम्हाला वाटलं, वळीव असेल. पण मागोमाग मान्सूनच आला. दुसऱ्या दिवशी तो मुंबईत पोचला, तिथं इतक्या लवकर आल्याची नोंदच नव्हती. मी हरखून गेले. वाफसा आल्याबरोबर डब्यातलं सगळं बी टोकून मोकळी झाले. मग मान्सून जो अडून बसला, तो जूनच्या मध्यापर्यंत पुढं सरकेना. ऊन पुन्हा तापलं. वर आलेल्या कोंबांनी दुपारी माना टाकल्या त्या टाकल्याच. आईच्या हातचं गावरान गवारीचं बी, ती गेल्यावर मी वर्षानुवर्षं धरत आणलेलं, त्यात संपलं. ती गवार आता आपल्या घरात नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

तेव्हापासून मी पेरताना अर्धं बी बाजूला काढते. उरलेल्या अर्ध्यातलंही एकदम टाकत नाही. थोडं आज, थोडं दहा-बारा दिवसांनी. पहिलं गेलं तर दुसरं हाताशी असतं, दोन्ही जगली तर भाजी एकाच आठवड्यात अंगावर न येता बरेच दिवस पुरते. राखलेलं बी चुलीतल्या राखेत घालून, घट्ट झाकणाच्या डब्यात, कोरड्या जागी ठेव.

आणि तारीख बघण्याआधी माती बघ. वीतभर उकरून मूठभर माती दाब. गोळा झाला आणि बोटानं सहज फुटला, तर पेर. चिखल झाला तर थांब. माझ्यावरून मात्र अंदाज बांधू नकोस. माझी भीमेकाठची काळी, कालव्याच्या पाण्यानं जड झालेली. पाणी जरा जास्त झालं की मुळं कुजतात. तुझं मलठणकडचं मुरमाड, चार दिवसांत कोरडं पडतं. तुला शेणखत आणि तळ्यातला गाळ जास्त लागेल, मला पाण्याला वाट काढून द्यावी लागते.

पाऊस थांबून-थांबून येतो आणि आला की झोडपतो, हा नुसता आपला भास नाही. पुण्यातल्याच उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये मांडलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात दूरवर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. म्हणून मी आता सपाट वाफे करतच नाही. वीतभर उंच गादीवाफा, दोन्ही बाजूंनी चर. झोडपला तरी पाणी निघून जातं.

उघडीप पडली की मग पाचट. अगं, आपल्या तालुक्यांत उसाला काय तोटा! तोड झाली की लोक फडात काडी लावतात, तेव्हा जीव कळवळतो. एखाद्या ओळखीच्या बागायतदाराला सांगून ठेव, चार भारे मिळतील. चार बोटं जाड थर दे, फक्त खोडाला चिकटवू नकोस आणि मधून-मधून खाली वाळवी बघ. माझं एक दिवसाआडचं पाणी आता तिसऱ्या-चौथ्या दिवसावर गेलंय. कोंब कोवळे असतील तोवर वर बोरीच्या काट्या टाक. तुमच्याकडं मोराची चिंचोली जवळच, मोर काही ठेवायचे नाहीत.

टोमॅटोची फुलं गळतात म्हणालीस. त्याला खत घालत बसू नकोस. पारा ३५ च्या वर गेला आणि रात्रही तापलेली राहिली की त्याचे परागकण निकामी होतात, मग फळ धरणार कुठून? टोमॅटो भाद्रपदात लाव, फुलोरा थंडीत येईल. उन्हाळ्यात गवार, चवळी, लाल माठ घे. पश्चिमेला एक शेवगा असू दे, त्याच्या झिरझिरीत सावलीत कोथिंबीरही तग धरते. निंबोळ्या मात्र पिकायला लागल्या की लगेच वेचून वाळव. पाऊस लवकर आला की त्या भिजून बुरसतात. वाळलेल्या निंबोळ्यांची ५० ग्रॅम पूड रात्रभर लिटरभर पाण्यात भिजवून गाळली की मिरचीच्या बोकड्यावर फवारायला होते.

टँकरच्या दिवसांत भांड्यांचं पाणी वाया घालवू नकोस. ते आधी कर्दळ आणि केळीच्या खड्ड्यात सोड. पालेभाजीवर साबणाचं पाणी नको.

आता एक गोष्ट जिवाच्या कळकळीनं सांगते. उन्हात पाणी घालू नये म्हणून तू दिवेलागणीला परसात जातेस, हे मला माहीत आहे. तुझ्या परसाला ऊस लागून आहे. पिंपरखेड-जांबूतला २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बिबट्यानं माणसांचे जीव घेतले, ते तुझ्याच तालुक्यात घडलं. पाणी पहाटे अंधारात नको आणि तिन्हीसांजेला नको. चांगलं उजाडल्यावर, आठच्या आत घाल. उसाच्या बाजूचं गवत काढून टाक, आणि लेकराला एकटं परसात पाठवू नकोस.

पंचमीला येशील तेव्हा पावट्याचं बी काढून ठेवलेलं असेल. ते आईचंच आहे. अर्धं तू ने.